पेटंटाचा कागद आणि शेतकऱ्याचा व्यवहार

हल्लीं शेतीच्या प्रदर्शनांत किंवा तालुक्याच्या बाजारांत एखादें नवें यंत्र पाहावयास गेलें असतां विक्रेता प्रथम एकच गोष्ट सांगतो, ती ही कीं, 'आमचा माल पेटंट आहे.' सौर पंप असो, पंपाच्या पेटींतील नियंत्रक असो, जमिनींतील ओल मोजणारें उपकरण असो, अथवा फळाच्या पेटीवर लावावयाची खूण असो, हा शब्द छापील पत्रकावर बहुधा ठळक अक्षरांत असतोच. ऐकणाऱ्यास वाटतें कीं, सरकारनें यंत्र पारखून घेतलें आहे व तें उत्तम असल्याबद्दलचा हा दाखला आहे. ह्या समजुतीवर मोठमोठ्या रकमांचे व्यवहार होतात, आणि पुष्कळदां ते कर्ज काढून होतात. वास्तविक पेटंट हा गुणांचा दाखला नव्हे. तें काय आहे, त्यापासून शेतकऱ्यास लाभ कोणता, व त्यानें सावध कोठें राहावयाचें, हें तीन शोधांच्या इतिहासावरून दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ते तीन शोध म्हणजे उन्हापासून वीज करणारा सिलिकॉनचा घट, संगणकाची चिप आणि मालाचा माग ठेवणारी खूण. हे तिन्ही आज आपल्या शेतांत येऊन पोंचले आहेत.

पेटंट म्हणजे काय?

पेटंट म्हणजे शोधकास सरकारनें दिलेला मुदतबंद मक्ता होय. ह्या व्यवहारास दोन बाजू आहेत. शोधकानें आपल्या शोधाची सर्व कृति, त्या विषयांतील जाणत्या माणसास वाचून ती वस्तु करतां येईल इतक्या स्पष्टपणें, लिहून द्यावयाची. आणि सरकारनें ती प्रसिद्ध करून सर्वांस वाचावयास खुली करावयाची. याच्या बदल्यांत ठराविक मुदतीपर्यंत ती वस्तु करण्याचा, विकण्याचा व बाहेरून आणण्याचा हक्क त्या एकट्याचा राहतो. दुसऱ्या कोणीं तसें केल्यास तो मनाई करवूं शकतो. मुदत सरली कीं शोध सर्वांचा होतो. पूर्वीं वैद्य आपली गुटी व कारागीर आपलें कसब मुलाशिवाय दुसऱ्यास सांगत नसे, आणि तो वारला म्हणजे पुष्कळदां ती विद्याहि त्याच्याबरोबर जाई. अशी विद्या लोकांच्या दप्तरांत जमा व्हावी, हा ह्या पद्धतीचा मूळ हेतु आहे.

आपल्या देशांत ही पद्धति १८५६ सालच्या कायद्यानें सुरू झाली. कलकत्त्याचे इंजिनियर जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांनीं त्या वर्षीं पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल अर्ज केला, व त्यांस मिळालेला हक्क हा ह्या देशांतील पहिला होय. आज १९७० सालचा पेटंट कायदा लागू आहे. तो १९७२ च्या एप्रिल महिन्यांत अंमलांत आला, आणि पुढें २००५ सालापर्यंत त्यांत महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षें आहे.

पेटंट कचेरी अर्जाची परीक्षा करते ती मुख्यतः तीन गोष्टींपुरती: वस्तु पूर्वीं कोठें प्रसिद्ध झालेली नाहीं ना, जाणत्या माणसास ती सहज सुचण्याजोगी नाहीं ना, आणि ती उद्योगांत करतां किंवा वापरतां येते ना. ती वस्तु स्वस्त आहे कीं महाग, किती दिवस टिकेल, दुसऱ्या कंपनीच्या मालाहून सरस आहे कीं नाहीं, याचा निवाडा ती कचेरी करीत नाहीं, व करणें हें तिचें कामहि नव्हे. नवें असणें आणि चांगलें असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें ज्यानें ध्यानांत ठेविलें त्याचें निम्मे नुकसान टळलें असें समजावें.

ह्या कागदाची आणखी तीन लक्षणें शेतकऱ्यास आपल्याच व्यवहारांतील उदाहरणांनीं समजण्यासारखीं आहेत. पहिलें लक्षण हद्दीचें. खरेदीखतांत जमिनीचें वर्णन कितीहि असो, हक्क ठरतो तो चतुःसीमेवरून. पेटंटाच्या कागदांत शेवटीं 'दावे' म्हणून क्रमांकवार कलमें असतात. तीं त्याची चतुःसीमा होत. सबंध पंप पेटंट आहे असें विक्रेता सांगतो, पण दावे वाचावे तों हक्क केवळ पॅनेल कलतें करण्याच्या एका बिजागरीपुरता आहे, असेंहि असूं शकतें. दुसरें लक्षण साऱ्याचें. पेटंट चालू राहण्यासाठीं तिसऱ्या वर्षापासून दर वर्षाची फी भरावी लागते. ती थकली व सवलतीची मुदतहि गेली म्हणजे हक्क लोपतो. तिसरें लक्षण मुलखाचें. पेटंट ज्या देशानें दिलें त्या देशापुरतेंच चालतें. 'अमेरिकेचें पेटंट' असें पत्रकावर छापलें असलें तरी तेवढ्यावरून हिंदुस्थानांत कोणताहि मक्ता उत्पन्न होत नाहीं.

कशास पेटंट मिळूं शकत नाहीं, हेंहि शेतकऱ्यास माहीत पाहिजे. कायद्याच्या तिसऱ्या कलमांत शेतीची किंवा बागाइतीची पद्धति पेटंटाच्या बाहेर ठेविली आहे. त्याच कलमाप्रमाणें वनस्पति, त्यांचे भाग, बीं व वाण, तसेंच परंपरेनें चालत आलेलें ज्ञान यांवरहि येथें पेटंट मिळत नाहीं. तात्पर्य, छाटणीच्या किंवा पेरणीच्या रीतीवर कोणास मक्ता सांगतां येत नाहीं. त्यासाठीं केलेल्या अवजारावर मात्र, तें खरोखर नवें असल्यास, सांगतां येतो. नव्या वाणांसाठीं २००१ सालचा निराळा कायदा असून त्याच्या ३९ व्या कलमानें शेतकऱ्यास आपल्या शेतांतील बीं राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे; फक्त संरक्षित वाणाचें बीं छापाच्या पिशवींत भरून व्यापारी नांवानें विकतां येत नाहीं. ह्या मर्यादा सर्व देशांत सारख्याच पाळल्या जातात असें नाहीं. हळदीनें जखम बरी करण्याच्या कृतीवर अमेरिकेंत १९९५ सालीं पेटंट दिलें गेलें होतें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें हें ज्ञान आपल्याकडे पूर्वापार असल्याबद्दल जुने लेखी आधार पुढें मांडले, आणि १९९७ सालीं तें रद्द झालें. आजीबाईच्या बटव्यांतील गोष्ट लेखी दाखवितां आली म्हणून हक्क वांचला, ही त्यांतील ध्यानांत धरण्यासारखी गोष्ट होय.

उन्हापासून वीज

आतां पहिला शोध पाहूं. सिलिकॉन हें वाळूंत सांपडणारें मूलद्रव्य. तें अत्यंत शुद्ध करून त्याच्या पातळ चकतीच्या एका बाजूस एका प्रकारचें व दुसऱ्या बाजूस दुसऱ्या प्रकारचें द्रव्य अत्यल्प प्रमाणांत मुरविलें, म्हणजे त्या दोन भागांच्या सीमेवर विजेचा एक प्रकारचा उतार तयार होतो. ऊन पडलें कीं आंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि पाणी जसें उताराकडे धांवतें तसे ते एका बाजूस ढकलले जातात. बाहेरून तार जोडली कीं प्रवाह सुरू होतो. कोणताहि भाग हालत नाहीं व इंधन जळत नाहीं.

अशा प्रकारचा उपयुक्त घट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चॅपिन, फुलर व पिअर्सन या तिघांनीं तयार केला व १९५४ च्या एप्रिल महिन्यांत तो लोकांस दाखविला. त्यांच्या अर्जावर १९५७ सालीं पेटंट मिळालें. पडलेल्या उन्हाच्या शंभर भागांपैकीं सुमारें सहा भागांची वीज तो करी. पण त्याची किंमत इतकी कीं, जमिनीवर तो परवडेना. १९५८ सालीं व्हँगार्ड नांवाच्या लहानशा कृत्रिम उपग्रहावर तो बसविला गेला, कारण तेथें तार नेतां येत नव्हती व तेल पोंचवितां येत नव्हतें. अमेरिकेंत त्या काळीं पेटंटाची मुदत दिल्यापासून सतरा वर्षें असे. म्हणजे १९७४ सालीं हा मक्ता संपला, आणि शेतकऱ्याच्या विहिरीवर सौर पंप घरोघर दिसूं लागण्यास त्यानंतरहि कित्येक दशकें लागलीं.

यावरून एक मोठी गोष्ट लक्षांत येते. सौर घटाची मूळ कल्पना आज कोणाच्याहि मालकीची नाहीं. ती सर्व जगाची आहे. म्हणूनच अनेक देशांत शेंकडों कारखाने पॅनेल करूं शकले, व चढाओढीनें किंमती उतरल्या. मधल्या काळांत असंख्य सुधारणा झाल्या. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठांत मार्टिन ग्रीन व त्यांचे सहकारी यांनीं १९८० नंतरच्या दशकांत घटाच्या मागील बाजूस विशेष लेप देऊन वाया जाणारी शक्ति वांचविण्याची रीति काढली, ती त्यांपैकींच एक होय. अशा सुधारणांमुळें आज बाजारांतील चांगलें पॅनेल उन्हाच्या शंभर भागांपैकीं वीस किंवा त्याहून कांहीं अधिक भागांची वीज करतें. तेव्हां आज पॅनेलवर 'पेटंट' असें लिहिलेलें असलें तर तें एखाद्या बारीक सुधारणेबद्दलचें असतें. ती सुधारणा आपल्या शेतांत किती पाणी अधिक देईल, हें त्या शब्दावरून कळत नाहीं.

मग तें कशावरून कळेल? पॅनेलच्या पाठीवर वॅटांचा जो आंकडा असतो, तो प्रयोगशाळेंतील ठराविक प्रखर प्रकाशांत व घटाचें तापमान २५ अंश असतांना मोजलेला असतो. आपल्याकडे वैशाखांत भर दुपारीं घटाचें तापमान ६० अंशांपर्यंत सहज जातें. सिलिकॉनच्या पॅनेलची शक्ति दर अंशास साधारणतः शेंकडा ०.३ ते ०.४ इतकी घटते; म्हणजे ३५ अंशांच्या वाढीनें शेंकडा दहा ते चौदा भाग कमी होतात. पांच अश्वशक्तीच्या पंपास सुमारें ४,८०० वॅटांचीं पॅनेलें देतात असें धरलें, तर ऐन उन्हाळ्यांत त्यांपैकीं सुमारें ४,१०० ते ४,३०० वॅटच हातीं येतील. ही घट किती, याचा आंकडा प्रत्येक पॅनेलच्या माहितीपत्रकांत दिलेला असतो. तो जितका लहान तितकें पॅनेल आपल्या हवेस बरें. शिवाय ओळींत जोडलेल्या पॅनेलांपैकीं एकावर जरी बाभळीच्या फांदीची सावली पडली, तरी त्या सर्व ओळीचें काम मंदावतें. धुळीचेंहि तसेंच. सकाळीं पॅनेलें थंड असतांना स्वच्छ पाण्यानें धुवून घेणें ह्या साध्या कामास कोणाच्या पेटंटाची गरज लागत नाहीं.

चिप, तिचा वाद आणि कुलूप

दुसरा शोध चिपचा. पूर्वीं विजेच्या यंत्रांत प्रत्येक भाग सुटा करून तारांनीं जोडावा लागे. हे सर्व भाग एकाच तुकड्यावर तयार करतां येतील, अशी कल्पना टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनींतील जॅक किल्बी यांनीं १९५८ च्या सप्टेंबरांत जर्मेनियमच्या एका लहान पट्टीवर प्रत्यक्ष करून दाखविली. पुढील वर्षीं फेअरचाइल्ड कंपनींतील रॉबर्ट नॉइस यांनीं तीच गोष्ट सिलिकॉनवर निराळ्या रीतीनें साधली. किल्बी यांच्या नमुन्यांत भागांना जोडणाऱ्या तारा वर लोंबत होत्या. नॉइस यांनीं घटकांवर विजेस अडविणारा पातळ थर ठेवून त्यावरच धातूच्या रेषा बसविल्या, त्यामुळें एका वेळीं पुष्कळ चिपा तयार करणें शक्य झालें. नॉइस यांस १९६१ सालीं व किल्बी यांस १९६४ सालीं पेटंट मिळालें.

मग दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला. भांडणाचा एक मुख्य मुद्दा असा कीं, धातु थरावर 'ठेवलेला' व धातु थरास 'चिकटलेला' ह्या दोन शब्दप्रयोगांचा अर्थ एकच कीं निराळा. १९६९ सालीं अपिलांत निकाल नॉइस यांच्या बाजूनें लागला. पण व्यवहारी माणसें निकालासाठीं थांबलीं नव्हतीं. १९६६ सालींच दोन्ही कंपन्यांनीं एकमेकांस परवाने देण्याचा समेट करून कारखाने चालू ठेविले होते. बांधाच्या वितीसाठीं दोन भाऊ कोर्टांत जातात आणि शेत पडीक राहतें, असें आपण नेहमीं पाहतों. येथें दोघांनीं वाद चालू ठेवूनहि पीक मात्र घेतलें. किल्बी यांस ह्या कार्याबद्दल २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. नॉइस १९९० सालींच वारले होते.

ही चिप आपल्या शेतांत कोठें आहे? ती सौर पंपाच्या नियंत्रकांत आहे. ऊन क्षणोक्षणीं कमीजास्त होतें. पॅनेलपासून कोणत्या दाबानें वीज घेतली असतां जास्तींत जास्त शक्ति मिळेल, याचा हिशेब ही चिप सतत करीत असते. विहिरींत पाणी नसेल तर पंप थांबवून मोटर जळूं देत नाहीं. हें काम ती ज्या सूचनांप्रमाणें करते, त्यांस आज्ञावली म्हणतात. आपल्या कायद्यानें केवळ आज्ञावलीवर पेटंट मिळत नाहीं. चिपच्या आंतील मांडणीच्या नकाशास मात्र २००० सालच्या निराळ्या कायद्यानें दहा वर्षांचें संरक्षण मिळूं शकतें.

येथेंच शेतकऱ्यानें सर्वांत अधिक सावध राहिलें पाहिजे. पेटंटाचा कागद सर्वांस वाचतां येतो. पण नियंत्रकांतील आज्ञावली कंपनीनें कुलूपबंद ठेविली असल्यास ती कोणासहि वाचतां येत नाहीं. ऐन फेब्रुवारींत गहूं ओंबीवर असतांना नियंत्रक बंद पडला, तर गांवचा वायरमन पेटी उघडून पाहील. परंतु त्यास कांहीं करतां येणार नाहीं. पंप शाबूत, विहिरीस पाणी, डोक्यावर ऊन, आणि पीक मात्र वाळत आहे, अशी स्थिति होते. याचें कारण पेटंट नव्हे, तर गुपित होय. म्हणून यंत्र घेतांना तें पेटंट आहे काय, यापेक्षां तें दुरुस्त कोण करील व किती दिवसांत करील, हा प्रश्न शतपट महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रांत २०२४ सालीं सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषि पंप' ह्या योजनेंत पांच वर्षांच्या दुरुस्तीची हमी घातलेली आहे. अशी हमी ज्या कागदावर लिहिलेली असेल तो कागद सातबाराच्या उताऱ्याइतकाच जपून ठेवावा.

मालाचा माग

तिसरा शोध मालाचा माग ठेवणाऱ्या खुणेचा. त्याची कथा विशेष बोधप्रद आहे. अमेरिकेंत वुडलंड व सिल्व्हर या दोघा तरुणांनीं जाडबारीक रेषांच्या रूपानें वस्तूची ओळख लिहिण्याची व ती यंत्रानें वाचण्याची युक्ति काढून १९४९ च्या ऑक्टोबरांत अर्ज केला. १९५२ च्या ऑक्टोबरांत पेटंट मिळालें. युक्ति बरोबर होती, पण वाचणारें यंत्र मोठें व बोजड, त्यांत प्रखर दिवा लागे, आणि वाचलेल्या आंकड्यांचा हिशेब करण्यास स्वस्त संगणक नव्हता. दोघांनीं १९६२ सालीं तें पेटंट पंधरा हजार डॉलरांस विकून टाकलें. १९६९ सालीं त्याची मुदत संपली. आणि ओहायो प्रांतांतील ट्रॉय गांवच्या एका दुकानांत रेषांच्या खुणेवरून पहिली वस्तु विकली गेली ती १९७४ च्या जून महिन्यांत. मधल्या काळांत लेसर किरणांचा दिवा व चिप हीं दोन्ही आलीं, तेव्हां कोठें ती खूण कामास आली. बीं चांगलें असूनहि वाफसा नसतांना पेरलें तर उगवत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. एका शोधास दुसऱ्या शोधाची ओल लागते.

पुढें जपानांतील डेन्सो कंपनींत मासाहिरो हारा व त्यांचे सहकारी यांनीं मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठीं १९९४ सालीं चौकोनी ठिपक्यांची खूण तयार केली. तीच आज पैसे देण्यासाठीं वाणसामानाच्या दुकानांतहि दिसणारी क्यूआर खूण होय. कंपनीपाशीं पेटंट होतें. परंतु ठरलेल्या नमुन्याप्रमाणें खूण वापरणाऱ्यांवर आपण हक्क बजावणार नाहीं, असें तिनें जाहीर केलें. म्हणूनच ती इतक्या झपाट्यानें जगभर पसरली. पेटंट असूनहि वाट मोकळी ठेवतां येते, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

आपल्या गोठ्यांतहि ही विद्या आली आहे. गाईम्हशींच्या कानांत जो बारा अंकी पिवळा बिल्ला मारतात, त्यावरील क्रमांकाखालीं जनावराची नोंद, लसीकरण व रेतन यांची माहिती सरकारी दप्तरांत राहते.

बागाईतदारांना ह्या विषयाची झळ लागली ती द्राक्षांमुळें. युरोपांतील अन्नविषयक कायद्यानें १ जानेवारी २००५ पासून असा नियम लागू केला कीं, प्रत्येक व्यापाऱ्यानें आपला माल कोणाकडून घेतला व कोणास दिला, हें दाखवितां आलें पाहिजे. त्या सुमारास आपल्याकडे अपेडा ह्या निर्यात प्राधिकरणानें द्राक्षांसाठीं ग्रेपनेट नांवाची व्यवस्था २००६ सालीं उभारली. तिच्यांत निर्यातीच्या बागेची कृषि खात्याकडे नोंदणी होऊन बागेस क्रमांक मिळतो; फवारण्यांची नोंदवही ठेवावी लागते; घडांचे नमुने प्रयोगशाळेंत तपासले जातात; आणि माल बांधणीगृहांत गेल्यावर पेटीपासून बागेपर्यंतचा माग लागेल अशी नोंद होते. तपासणीचें शास्त्रीय नियमन पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे आहे.

तरीहि २०१० सालीं मोठा फटका बसला. वेलींची वाढ रोखण्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे बागाईतदार ज्यास सीसीसी म्हणतात त्याचा, अंश युरोपांत मर्यादेहून अधिक आढळला; माल अडकला, आणि निर्यातदारांबरोबर बागाईतदारहि अडचणींत आले. माग ठेवण्याची व्यवस्था त्या वेळीं होतीच. पेटी कोणत्या बागेची हें तिनें दाखविलें असतें. परंतु त्या पेटींत काय आहे हें तपासल्यावांचून कळणारें नव्हतें. खूण ही निरोप्यासारखी आहे. तिच्याजवळ जें दिलें तेंच ती पोंचवील. नोंदवहींत फवारणीची खरी तारीख व खरी मात्रा नसेल, तर उत्तमांतील उत्तम पेटंट खूणहि तें असत्यच पुढें नेईल, आणि त्याचा भुर्दंड शेजारच्या प्रामाणिक बागाईतदारासहि बसेल.

उलट पक्षीं, खूण नीट योजली तर ती शेतकऱ्याची ढाल होते. देवगडच्या हापुसाच्या नांवाखालीं परमुलखांतील आंबा विकला जातो, ही तेथील बागाईतदारांची फार जुनी तक्रार. २०२५ च्या हंगामांत देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनें प्रत्येक फळावर लावावयाची एक निराळी चिकटचिठ्ठी आणली. हिच्या क्रमांकाचा एक भाग वर दिसतो व दुसरा भाग चिठ्ठीच्या खालीं दडलेला असतो. गिऱ्हाइकानें चिठ्ठीचें छायाचित्र ठराविक क्रमांकावर पाठविलें व खालचा भाग कळविला, म्हणजे फळ कोणाच्या बागेंतलें तें त्यास समजतें. एकदां सोललेली चिठ्ठी दुसऱ्या फळास लावून उपयोग होत नाहीं. ही युक्ति पेटंट घेतलेली आहे खरी. पण तिचें बळ केवळ पेटंटांत नाहीं. बागाईतदाराच्या झाडांकडे व उत्पन्नाकडे पाहून चिठ्ठ्या वांटावयाच्या, म्हणजे आपल्या बागेंत पिकेल त्याहून अधिक चिठ्ठ्या कोणापाशीं राहूं नयेत, ह्या संस्थेच्या शिस्तींत तिचें खरें बळ आहे. ती शिस्त सुटली तर चिठ्ठी हा केवळ कागदाचा तुकडा राहील.

व्यवहारापूर्वीं विचारावयाचे प्रश्न

वरील विवेचनावरून शेतकऱ्यानें कोणतेंहि 'पेटंट' यंत्र घेण्यापूर्वीं पुढील प्रश्न विचारावे, व उत्तरें लेखी घ्यावीं.

१. पेटंटाचा क्रमांक काय? नुसता अर्ज केलेला असणें व पेटंट मिळालेलें असणें यांत, पेरणें व खळ्यावर रास येणें इतकें अंतर आहे. पेटंट नसतां तें आहे असें खोटें लिहिणें कायद्याच्या १२० व्या कलमाप्रमाणें दंडास पात्र आहे.

२. तें हिंदुस्थानांतील आहे काय, व चालू आहे काय? पेटंट कचेरीचें पत्रक दर शुक्रवारीं प्रसिद्ध होतें, व क्रमांकावरून शोध घेण्याची सोय संगणकावर विनामूल्य आहे. गांवांतील शिकलेल्या मुलास हें काम थोडक्या वेळांत करतां येईल.

३. दावे कशाबद्दल आहेत? सबंध यंत्राबद्दल कीं एका भागाबद्दल? त्या भागासाठीं आपण जी जास्त किंमत देणार, तितकें काम तो आपल्या शेतांत करील काय?

४. आपल्या विहिरीच्या खोलीस, आपल्या उन्हाळ्यांत, दिवसाकांठीं किती लिटर पाणी मिळेल? हें कागदावर द्यावयास विक्रेता तयार आहे काय?

५. बिघाड झाल्यास माणूस किती दिवसांत येईल? नियंत्रकाचा सुटा भाग दुसरीकडे मिळेल काय? कंपनी बंद पडल्यास यंत्र चालेल काय?

६. मागाच्या व्यवस्थेंत आपल्या बागेची माहिती कोणाच्या दप्तरांत राहणार, ती दुसऱ्या कोणास दिली जाणार, आणि तिची नक्कल आपणांस मिळणार कीं नाहीं? फवारणीची वही एक प्रत आपल्या घरीं असल्याशिवाय दुसऱ्याच्या हातीं देऊं नये.

संघाचें काम

हे प्रश्न एकट्यादुकट्या शेतकऱ्यानें विचारले तर विक्रेता हंसण्यावारीं नेईल; पन्नास शेतकऱ्यांच्या संघानें विचारले तर उत्तर द्यावें लागेल. शिवाय कायद्यानें एक हत्यार दिलें आहे, त्याचा उपयोग आपल्याकडे फारच थोडे लोक करतात. पेटंटाचा अर्ज साधारणतः अठरा महिन्यांनीं प्रसिद्ध होतो. आणि प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणासहि त्यास लेखी हरकत घेतां येते. पेटंट मिळाल्याचें प्रसिद्ध झाल्यावरहि एक वर्षापर्यंत ज्याचें हित गुंतलें आहे त्यास हरकत घेतां येते. आपल्या सुताराकडून पिढ्यान्‌पिढ्या तयार होणाऱ्या तिफणीच्या एखाद्या युक्तीवर उद्यां कोणीं नवा शोध म्हणून हक्क सांगितला, तर ती जुनी आहे हें दाखविण्यास लेखी पुरावा लागेल. हळदीच्या बाबतींत जुन्या लेखांनीं काम केलें. आपल्या भागांतील अवजारें, त्यांचीं मापें, नांवें व वापरण्याच्या रीति यांची चित्रांसह नोंद प्रत्येक तालुक्याच्या शेतकरी संघानें करून ती तारीखवार प्रसिद्ध केली, तर तो पुरावा आपोआप तयार होईल, आणि आपल्या मुलांसहि ती माहिती राहील.

त्याचप्रमाणें ज्यांची मुदत संपली आहे अशीं पेटंटें म्हणजे एक मोठें उघडें भांडार आहे. त्यांतील कृति कोणासहि वापरतां येते. परवाना लागत नाहीं व पैसा द्यावा लागत नाहीं. तालुक्याच्या लोहारास, वायरमनला किंवा तंत्रविद्यालयांतील विद्यार्थ्यास हाताशीं धरून संघानें ह्या भांडारांतून आपल्या उपयोगाची एक जरी युक्ति दरसाल काढून घेतली, तरी तें काम लहान नव्हे. मुदत संपल्यावर शोध सर्वांस मिळावा, म्हणूनच समाजानें तो मक्ता दिलेला असतो. समाजाचा तो वांटा घेण्यास आपणच पुढें गेलें पाहिजे.